उतरताना

तालमीत मला पहिला जोर शिकवला गेला तो १९७४ सालच्या मार्गशीर्षात. वय चौदा, कमरेला लंगोट, थंडीने अंगावर काटा आणि समोर दोन विटा. त्या विटांवर तळहात रोवायचे, पाय मागे नेऊन फाकवायचे, कंबर उचलून शरीराची कमान करायची; मग कोपरे वाकवत छाती जमिनीलगत आणून पुढे सरकवायची आणि मान व छाती वर काढायची. त्यानंतर पुन्हा मूळ कमानीत यायचे. हा एक जोर. पाहणाऱ्याला ती एकच लाट वाटते. करणाऱ्याला मात्र तिच्यात दोन प्रवास आहेत हे थोड्याच वेळात उमगते. एक खाली जाण्याचा आणि दुसरा वर येण्याचा.

माझ्या लेखी सारे महत्त्व वर येण्याला होते. शक्ती म्हणजे उचलणे, रेटणे, वर येणे, हा त्या वयाचा स्वाभाविक समज. त्यामुळे मी खाली अक्षरशः पडत असे आणि मग दातओठ खाऊन वर येत असे. वस्ताद भिंतीला टेकून पाहत होते. ते म्हणाले, "कोण मागं लागलंय का रं तुझ्या? सावकाश उतर." त्यांची जोर मोजण्याची रीतच वेगळी होती. छाती ताब्यात राहून तळाशी पोहोचली की त्यांच्या तोंडून आकडा निघे. जो मध्येच कोसळला त्याचा जोर मोजला जात नसे, मग तो कितीही झोकात वर आलेला असो. त्या पहाटे मी वीसेक जोर मारले. वस्तादांच्या हिशेबी ते चार होते.

आमची तालीम कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत होती. बसके दार, आत जाताना मान लवलीच पाहिजे अशी चौकट, कोनाड्यात शेंदरी मारुती, मधोमध लाल मातीचा हौद. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मऊ राखलेली असे आणि ती खोऱ्याने उकरण्याचे काम लहान मुलांकडे. भिंतीवर खाशाबा जाधवांचे एक छायाचित्र होते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापुरात घडला, याचा अभिमान आम्हाला न शिकवता आला होता. जवळच राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ पासून कुस्त्यांनी गाजणारे खासबाग मैदान. बशीसारख्या खोलगट त्या मैदानात प्रेक्षक चहूबाजूंच्या चढावर बसतात आणि मल्ल त्या बशीच्या तळाशी झुंजतात. ज्याच्याकडे सर्वांनी पाहायचे त्याची जागा सर्वांत खाली, ही त्या मैदानाची रचना मला पुढे अनेकदा आठवली.

तालमीत आरसा नव्हता. ही उणीव आहे असे तेव्हा कोणाला वाटले नाही. आपली छाती किती भरली हे पाहण्याचे साधन नसल्यामुळे ती काय करू शकते एवढाच प्रश्न उरत असे, आणि त्याचे उत्तर हौदात समोरचा गडी देई.

छातीचा स्नायू नेमके काय करतो हे मला फार उशिरा, पुस्तकातून समजले. पेक्टोरॅलिस मेजर या नावाने ओळखला जाणारा तो पंख्याच्या आकाराचा स्नायू गळपट्टीच्या हाडापासून, मधल्या उरोस्थीपासून आणि वरच्या बरगड्यांच्या कूर्चांपासून निघतो. त्याचे तंतू एकवटत जाऊन दंडाच्या हाडाला खांद्याजवळ जोडले जातात. म्हणजे तो राहतो छातीवर आणि हालवतो हात. हात पुढे आणणे, तो छातीसमोर ओढून घेणे, आतल्या बाजूला वळवणे ही त्याची कामे. ढकलणे हे त्याचे ठळक कर्तव्य म्हणून सांगितले जाते. परंतु दोन्ही हात एकाच वेळी पुढे येऊन आत वळले की जी क्रिया घडते तिला आपण मिठी म्हणतो. ज्या स्नायूने प्रतिस्पर्ध्याला दूर लोटायचे, त्याच स्नायूने आपल्या माणसाला जवळ घ्यायचे, अशी ही योजना आहे.

या स्नायूविषयी दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. जोर काढताना आपण वर येतो तेव्हा तो आखडतो, लहान होतो आणि भार ढकलतो. हे सहज समजते. आपण खाली जातो तेव्हा तो सैल पडत असेल अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. सावकाश उतरताना तो लांबत असतो आणि लांबत असतानाच भार धरून ठेवत असतो. एका हाताने दोरी सोडत जावी आणि तरीही तिच्यावरची पकड सुटू देऊ नये, तसे हे काम आहे. अशा उतरत्या कामात स्नायू चढत्या कामापेक्षा अधिक भार पेलू शकतो, हे प्रयोगशाळांतून सिद्ध झालेले आहे. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी ठणक जाणवते, तीही मुख्यतः या उतरण्याच्या श्रमाची असते. जो धाडकन खाली पडतो तो अर्धा व्यायाम, आणि कदाचित अधिक मोलाचा अर्धा, गमावतो. आमच्या वस्तादांनी शरीरशास्त्राचे एकही पान वाचले नव्हते. त्यांनी चाळीस वर्षे मुलांच्या छात्या खाली जाताना पाहिल्या होत्या.

बळ वाढण्याचाही एक क्रम आहे आणि तो उतावळ्या माणसाला मानवत नाही. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती स्नायू मोठा झाल्यामुळे नसते. मज्जासंस्था असलेल्या तंतूंना अधिक सुसूत्रपणे कामाला लावू लागते म्हणून असते. स्नायूची प्रत्यक्ष बांधणी त्यामागून, विश्रांतीत आणि झोपेत, आहाराच्या आधाराने होत राहते. श्रम हे केवळ निमित्त. घडण होते ती श्रम थांबल्यावर. म्हणून एका दिवशी शंभर जोर काढून आठवडाभर अंथरूण धरण्यापेक्षा एक दिवसाआड दहा काढणे हिताचे. आपल्या जुन्या भाषेत याला 'नेम' असा सुटसुटीत शब्द आहे. नेमात पराक्रम नसतो, म्हणून त्याच्या कथा होत नाहीत.

बाविसाव्या वर्षी माझा नेम सुटला. भांडण झाले नाही, दुखापत झाली नाही; एका तालुक्याच्या गावी शिक्षकाची नोकरी लागली एवढेच. गावात तालीम होती, पण 'स्थिरस्थावर झालो की जाऊ' या वाक्यात दोन वर्षे गेली आणि पुढे ते वाक्यही म्हणावेसे वाटेना. एका गोष्टीची मात्र मला आजही लाज वाटते. प्रत्येक १ ऑगस्टला मी विद्यार्थ्यांना टिळकांची गोष्ट सांगत असे. डेक्कन कॉलेजात शिकायला आलेल्या या किरकोळ प्रकृतीच्या तरुणाने पहिले वर्ष शरीर कमावण्यासाठी दिले, परीक्षेत अनुत्तीर्ण होण्याची किंमत मोजली, आणि पुढच्या आयुष्यातील कारावास सोसण्याचे बळ त्या वर्षात मिळवले, असे मी आवेशाने सांगे. सांगताना छाती पुढे काढीत असे. तिच्यात आता काय उरले आहे, हे तपासण्याचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता.

तो १९९६ साली आला. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. त्यांना अंथरुणावरून उठवणे, खुर्चीत बसवणे, न्हाणीघरात नेणे आणि पुन्हा निजवणे हे पुढची दोन वर्षे माझे काम होते. उचलण्याचा भाग मला भारी पडेल असे वाटले होते. तो पडलाही, पण त्यासाठी एक क्षणभर दम धरला की भागत असे. खरी परीक्षा खाली ठेवताना होई. माणूस जड असतो आणि आजारी माणूस भयभीतही असतो. त्याचे शरीर आपल्या हातांवर, आपल्या छातीशी आहे आणि गादी अजून वीतभर खाली आहे, त्या वीतभर अंतरात जर आपण सुटलो तर त्याला केवळ धक्का बसत नाही. आपण ओझे आहोत हे त्याला समजते. पहिल्या आठवड्यात एकदा मी तसा सुटलो. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने चादर नीट केली आणि भिंतीकडे तोंड वळवले.

त्या रात्री मला, तालीम सुटल्यानंतर चौदा वर्षांनी, वस्तादांचे वाक्य आठवले. दुसऱ्या दिवसापासून मी वडिलांना निजवताना मनात अंक मोजू लागलो. एक, दोन, तीन. आणि तीन म्हणेपर्यंत पाठ गादीला टेकता कामा नये. बळ पूर्वीइतके नव्हते, पण उतरण्याची शिस्त कुठेतरी शाबूत होती. १९९८ साली वडील गेले. त्या दोन वर्षांत मी त्यांच्यासाठी पुष्कळ गोष्टी अपुऱ्या केल्या, याची जाणीव मला आहे. त्यांना खाली ठेवणे मात्र मी नीट शिकलो होतो.

यानंतर तरी मी व्यायामाकडे वळायला हवे होते. वळलो नाही. अनुभवाने माणूस शहाणा होतो हे विधान मी म्हणूनच सावधपणे वाचतो. अनुभव आणि आचरण यांच्यामध्ये एक मोठे मैदान असते, आणि बहुतेक लोक ते ओलांडण्यापूर्वीच थकतात. इकडे शरीर आपला हिशेब चोख ठेवत असते. तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान अंदाजे तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. ती दुखत नाही, दिसत नाही, कारण स्नायूची रिकामी झालेली जागा पुष्कळदा चरबी भरून काढते. तारुण्यातली कमाई पुढे पुरेल अशी जी आपली समजूत असते, तिला शरीरात कसलाही आधार नाही. तिथे ठेवी स्वीकारल्या जात नाहीत.

२०२२ साली, बासष्टाव्या वर्षी, माझ्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली. आपल्या भाषेने छातीला फार मोठी कामे दिली आहेत. आपण छाती ठोकून सांगतो, छातीचा कोट करतो, छातीत धस्स होते, आनंदाने ऊर भरून येतो. त्या कोटाचा दरवाजा म्हणजे मधली उरोस्थी. शल्यविशारद ती करवतीने उभी दुभागतात, काम झाल्यावर पोलादी तारांनी बांधतात, आणि हाडाने स्वतःला सांधून घ्यावे म्हणून पुढचे दोन-तीन महिने वाट पाहावी लागते. नव्या वाटेसाठी एक शीर पायातून घेतात. परंतु मुख्य वाट बहुधा छातीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या एका धमनीची करतात. ही धमनी एरवी छातीच्या भिंतीला रक्त पुरवते, ज्या स्नायूविषयी मी लिहितो आहे त्यालाही. तिचे खालचे टोक सोडवून ते हृदयाच्या रक्तवाहिनीला जोडले जाते. छातीच्या भिंतीने आपल्या वाट्याचा एक प्रवाह आतल्या हृदयाला दिला आणि ती स्वतः इतर लहान वाहिन्यांवर निभावून नेऊ लागली, हे मला डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावले तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होतो.

शस्त्रक्रियेनंतर मला सांगण्यात आलेला पहिला नियम असा होता : हातांवर भार द्यायचा नाही. ढकलायचे नाही, ओढायचे नाही, दोन-तीन किलोंहून अधिक काही उचलायचे नाही. खोकला आला तर छातीशी उशी घट्ट धरून खोकायचे, म्हणजे सांधलेल्या हाडावर ताण येत नाही. निरोगी माणसाला कळत नाही की छातीचे स्नायू दिवसभरात किती वेळा कामाला येतात. कुशीवरून उठणे, जड दार लोटणे, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहणे, अंगातला सदरा काढणे, पोळपाटावर लाटणे फिरवणे. हे सारे जेव्हा निषिद्ध झाले तेव्हा ज्याला मी 'व्यायाम' म्हणून वेगळे काढून सोडून दिले होते ते वास्तविक जगण्याचेच दुसरे नाव होते, हे ध्यानात आले.

त्या दिवसांत फिजिओथेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी येत असे. तिने माझ्या हाती प्लॅस्टिकचे एक यंत्र दिले. तीन नळ्या, तीन रंगीत गोळ्या आणि तोंडात धरायची एक नळी. श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. भूल आणि वेदना यांमुळे श्वास उथळ राहतो, फुप्फुसांचे तळ बंद पडू लागतात आणि तिथे कफ साचून संसर्ग होतो. ते टाळण्यासाठी हा उपाय. मी जुन्या सवयीने जोरात श्वास ओढला आणि तिन्ही गोळ्या टणकन वर आपटून तत्काळ खाली आल्या. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "काका, आपटायच्या नाहीत. हळू ओढा आणि जितका वेळ जमेल तितका वर धरून ठेवा." पहिल्या दिवशी मला एक गोळी तीन क्षण धरता आली. तालमीत शंभर जोरांची बढाई मारणाऱ्या छातीचा तो नवा आकडा होता, आणि तो मी वहीत लिहून ठेवला.

मला पलंगावर निजवण्याचे काम तेव्हा माझा मुलगा करीत असे. त्याला कोणी शिकवले नव्हते. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरले आणि शेवटच्या वीतभर अंतरात मी गादीवर किंचित आदळलो. त्याचा चेहरा पाहिला आणि वडिलांनी त्या दिवशी भिंतीकडे तोंड का वळवले असेल याचे एक निराळे उत्तर मला सापडले. ते कदाचित दुखावले नव्हते. आपली वेदना मुलाला दिसू नये एवढीच त्यांची इच्छा असावी. मी मुलाला म्हटले, "तीन आकडे मोज, म्हणजे होईल." तो मोजू लागला.

तीन महिन्यांनी, हाड नीट सांधल्याची डॉक्टरांनी खात्री केल्यावर, त्या मुलीने मला भिंतीसमोर उभे केले. हातभर अंतरावर उभे राहायचे, तळहात छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवायचे, कोपरे फार बाहेर न फाकवता अंगाच्या थोडी जवळ ठेवायची, शरीर टाचांपासून डोक्यापर्यंत एका रेषेत ठेवून भिंतीकडे झुकायचे आणि पुन्हा मागे यायचे. ढकलताना श्वास सोडायचा; कोंडून धरायचा नाही, कारण दम कोंडला की रक्तदाब एकाएकी चढतो. "भिंतीकडे जाताना तीन आकडे मोजा, येताना एक पुरे," ती म्हणाली. मी थांबलो. तिला वाटले मला दुखते आहे. पन्नास वर्षांपूर्वी मातीच्या वासाने भरलेल्या एका बसक्या खोलीत जे मी ऐकले होते ते आता औषधांच्या वासाच्या खोलीत, माझ्या मुलाहून लहान असलेल्या मुलीकडून ऐकत होतो. दोघांची कधी भेट झाली नव्हती आणि दोघांचे म्हणणे एकच होते.

भिंतीवरून मी हळूहळू स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलो. ओट्यावरून भक्कम बाकावर, मग गुडघे टेकून जमिनीवर. हात जितके खाली जातात तितका शरीराचा अधिक भार त्यांच्यावर येतो, हे या क्रमाचे साधे गमक आहे. सपाट जमिनीवरच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांनी पेलावा लागतो. माझ्या अडुसष्ट किलो वजनात तो पंचेचाळीस किलोंच्या आसपास भरतो. प्रत्येक पायरीवर मी आठ ते बारा आवर्तने विनासायास होईपर्यंत थांबलो आणि मगच पुढे गेलो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेका दिवसाची विश्रांती. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबलाच्या व्यायामाची शिफारस केली आहे, आणि तिच्यातून वृद्धांना वगळलेले नाही. वाचकांपैकी ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा खांद्याचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

माझा पुतण्या पुण्यात जिममध्ये जातो. त्याच्या आग्रहावरून मी एकदा तिथे गेलो. पाठीवर निजून लोखंडी दांडी छातीपासून वर ढकलण्याचा बेंच प्रेस हा तिथला मानाचा व्यायाम आहे. स्नायू तोच, भूमी मात्र पाठीखाली आलेली. मुले मेहनती होती आणि त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या वयात मीही पडतच होतो. दोन गोष्टी मात्र नजरेत भरल्या. एक म्हणजे दांडी छातीवर वेगाने येत होती आणि साऱ्या आरोळ्या वर जाताना उठत होत्या. दुसरी म्हणजे आरशामुळे प्रत्येकाचे लक्ष शरीराच्या पुढच्या बाजूकडे होते. छाती कमावली आणि पाठ तशीच राहिली तर आखडलेले स्नायू खांद्यांना पुढे ओढतात आणि पोक येते. कमावलेली छाती अशा वेळी माणसाला ताठ करण्याऐवजी वाकवते. आमच्या तालमीत खोऱ्याने माती ओढणे आणि दोरावर चढणे पाठीची ही बाजू आपोआप सांभाळत असे. पुढची बाजू आपल्याला दिसते, मागची इतरांना. जे स्वतःला दिसत नाही त्याचीही निगा राखणे हा व्यायामातला, आणि इतरत्रही, जबाबदारीचा कठीण भाग आहे.

या साऱ्यातून जो विचार माझ्या मनात स्थिर होत गेला तो मांडून थांबतो. आपल्या समाजाचे जवळजवळ सर्व शिक्षण चढण्याचे आहे. गुण, पद, वेतन, कीर्ती, यांतून वर कसे जावे हे आपण मुलांना शिकवतो. तीस वर्षे मीही तेच शिकवले. परंतु आयुष्याचा निम्मा भाग उतरणीचा असतो. खुर्ची सोडणे, कारभार पुढच्या हाती देणे, आपल्याशिवाय काम चालते हे पाहणे, दृष्टी, श्रवण, स्मरण यांचे हळूहळू मंदावणे, आणि ज्यांना आपण उचलले त्यांच्याकडून उचलून घेणे. या भागाला आपण सामान्यतः कोसळू देतो. निवृत्त होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत अधिकार घट्ट धरायचा आणि दुसऱ्या दिवशी तो निसटला म्हणून खंतावायचे, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आणि स्वतःच्या बाबतीत अनुभवले. मुख्याध्यापकपदाच्या शेवटच्या वर्षात मी एकही काम कोणाला सोपवले नव्हते. माझ्या जागी आलेल्या बाईंना पहिले सहा महिने जो त्रास झाला तो माझ्या धाडकन पडण्याचा आघात होता.

उतरणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हे स्नायू आपल्याला सांगतो. तो लांबत जातो आणि तरीही धरून असतो. कर्तव्याचीही अशी एक अवस्था असावी, जिच्यात माणूस आपला भार कमी करीत जातो, पण तो भार ज्याच्यावर येणार आहे त्याला धक्का बसणार नाही याची काळजी शेवटच्या वीतभर अंतरापर्यंत घेतो. या बाबतीत निसर्गाने वृद्धांवर थोडी कृपाही केली आहे. वयाबरोबर स्नायूंची उचलण्याची शक्ती जितकी घटते, तितकी भार ताब्यात ठेवून खाली आणण्याची शक्ती घटत नाही. ती तुलनेने अधिक काळ टिकते. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला त्यात सांत्वनापेक्षा सूचना अधिक दिसली. जे बळ शेवटपर्यंत सोबत करणार आहे त्याचा सराव आपण सर्वांत कमी केलेला असतो.

शस्त्रक्रियेला आता तीन वर्षे होतील. जमिनीवर पूर्ण पुशअप मला अद्याप चार-पाचच जमतात आणि कमान करून काढायचा तालमीतला जोर मी पुन्हा करू पाहिलेला नाही. थंडीच्या दिवसांत उरोस्थीच्या रेषेत अजून एक बारीक ओढ जाणवते. पहाटे घरात कोणी उठलेले नसते तेव्हा मी ओट्याच्या कडेवर तळहात रोवतो. तीन आकड्यांत खाली, एका आकड्यात वर, असे दहा वेळा. एखाद्या दिवशी सातव्या-आठव्या वेळेला छाती सुटते आणि मी ओट्याकडे झपकन झुकतो. तो मी मोजत नाही.